काकडीच्या दोनच ओळी

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
ही वही बायकोनं, मोहिनीनं आणली. म्हणाली, राग आला की यात लिहा, माणसांवर काढू नका. बीपी १५८/९८. ती सेवाग्रामच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं नर्स आहे. त्यामुळे घरात कोणी नुसतं मोठ्यानं बोललं तरी तिला ते लक्षण वाटतं.
मुळात मला राग येत नाही. लोक चुका करतात, मी त्या दाखवतो. एवढंच.

तीच तारीख. संध्याकाळ.
वही आणलीच आहे तर संकल्प लिहून टाकतो.
विमा ऑफिसातून व्हीआरएस घेऊन केळझरजवळ दोन एकर घेतले त्याला तीन वर्षं होतील. भाजीपाला, आणि हिरव्या नेटखाली रोपं. सगळं सेंद्रिय. बोरगाव मेघेहून रोज मोटरसायकलनं जातो. लोक हसले. हसू देत.
आमच्या सेंद्रिय गटात सरकारी साहेब तपासायला येत नाही, गटातलेच लोक एकमेकांचं वावर तपासतात. तीन वर्षं रासायनिक औषध मारलं नाही तर 'पूर्ण सेंद्रिय'चं प्रमाणपत्र. माझी तपासणी ६ एप्रिलला. त्याच दिवशी नवीन गटप्रमुख निवडायचा आहे. नत्थूजी चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले, आता सोडतो म्हणतात. गटात शिकलेला, ऑफिस पाहिलेला माणूस एकच आहे. नाव लिहीत नाही. आपणच आपलं कशाला लिहा.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
बंडूजीशी भांडण. (भांडण नाही. त्याला समज दिली.)
शेजारचं वावर त्याचं. पाठीवर पंप घेऊन वांग्यांवर फवारत होता. केवढा वास! डोकं भणभणलं. मी दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभा राहून सांगितलं, तुमचं विष माझ्या टमाट्यावर येत आहे, मी तक्रार करीन. तर पंप न थांबवता म्हणतो, "भाऊ, वारा तं तुमच्याकडून माह्याकडे येऊन राह्यला."
वाऱ्याची दिशा मला शिकवतो. चौदा वर्षं क्लेम सेटल केले मी.
घरी येऊन मोबाईलवर पाहिलं. वारा माझ्याकडून त्याच्याकडेच होता. पण मुद्दा तो नाही.

२३ फेब्रुवारी.
सुलोचनाबाईंनी मला न विचारता टमाट्याच्या ओळींत झेंडू लावला. पहिल्या दिवसापासून त्याच माझ्याकडे कामाला आहेत. हात चांगला आहे, पण सिस्टिम नाही. मी म्हटलं, बाई, हे शेत आहे, लग्नाचा मंडप नाही. उपटा.
"काऊन उपटता, भाऊ? आळी झेंडूवर जाते, टमाटर वाचते."
मी शांतपणे समजावलं. मोहिनीला नंतर कळलं की ते केळझरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. लोकांना दुसरे उद्योग नाहीत.
झेंडू उपटला. बाईंनी तो टाकला नाही, ओल्या पोत्यात गुंडाळून घरी नेला. हौस.

२७ फेब्रुवारी. दुपार.
जीवामृताचा ड्रम फुटला. फुटला म्हणजे झाकण उडालं. बाई शेण, गोमूत्र, गूळ, बेसन मोजून टाकतात आणि वर नुसतं पोतं झाकतात. मी यावेळी गूळ दुप्पट टाकला आणि झाकण घट्ट आवळून वर दगड ठेवला, ताकद आतच राहावी म्हणून. पाचव्या दिवशी मी वाकून पाहत असतानाच उडालं.
ड्रम निकृष्ट. आजकाल कोणत्याही वस्तूला क्वालिटी नाही.
मोहिनीनं फाटकातच अडवलं. अंगणात नळीनं आंघोळ. समोरचे लोक गॅलरीत. बाई मात्र हसल्या नाहीत, चिंधूला, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, फोन करून दुसरा ड्रम मागवला. न हसण्यातही एक आगाऊपणा असतो.

३ मार्च, सोमवार.
रोही येऊन गेले. घोड्याएवढी जनावरं, एका रात्रीत अख्खी चवळी खाल्ली. बंडूजीनं त्याच्या वावरातून इकडे हाकलले असणार. पुरावा नाही, पण माणूस तसाच आहे.
बाईंनी गावातून जुनी लुगडी गोळा करून कुंपणाला बांधली. रंगीबेरंगी. मी म्हटलं, आदर्श प्लॉट आहे हा, वाळवण नाही. काढा.

५ मार्च.
रोही पुन्हा आले. यावेळी पालक.
लुगडी बांधण्याचा निर्णय घेतला.

९ मार्च, रविवार.
टमाट्यात अळी. काकडीच्या पानांवर लाल भुंगे. बाई दर चौथ्या दिवशी सकाळी निंबोळीचा अर्क मारतात तो मीच महिनाभर बंद ठेवला होता. झाडांना स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवायचं, हा माझा विचार. आपण मुलांना सारखं औषध देतो काय?
मोहिनी म्हणाली, हो, आजारी असली तर देतो.
नर्सशी वाद घालण्यात अर्थ नाही. बीपी १६२/१००. मशीन जुनं आहे.

१४ मार्च, धूलिवंदन.
नत्थूजींच्या अंगणात गटाची मीटिंग. पळस लालभडक झाला आहे, पण पाहायला मान वर करावी लागते म्हणून मी कौतुक केलं नाही. डोकं दुखत होतं.
गटात आम्ही पाच जण. नत्थूजी सहा म्हणतात. वय झालं, मोजणी चुकते. मी सुधारत नाही, मोठा माणूस आहे. सुलोचनाबाईही येतात, चुलीजवळ बसतात, चहा त्याच करतात. चांगलं आहे. ऐकून ऐकून दोन गोष्टी शिकतील.
बंडूजी पण आला होता! गटात घ्या म्हणतो! मी विरोध नोंदवला. नत्थूजींनी नुसतं "बसा न भाऊ, चहा घ्या" म्हटलं. हा काय निर्णय झाला?
गटप्रमुखाचा विषय निघाला तेव्हा नत्थूजी म्हणाले, "ज्याचं वावर बोलते, त्याले देऊ. बोलणारा माणूस नोको."
माझ्याकडे पाहून म्हणाले. इशारा स्पष्ट आहे. भाषण लिहायला घेतलं. सुरुवात: 'मी या पदासाठी कधीच इच्छुक नव्हतो.'

१७ मार्च, सोमवार.
आज जे झालं त्यात माझी चूक नाही हे आधी लिहितो.
रोपं मेली. वांगी आणि मिरची, चारशे रोपं. पोचट, लाडावलेली वाटत होती म्हणून शनिवारी मी नेट काढून टाकली. उन्हाची सवय व्हावी. रविवारी मी गेलो नाही, बाईंचीही सुट्टी. आज पाहतो तर सगळी भाजलेल्या पापडासारखी.
नेमके नत्थूजी दोन बायांना घेऊन रोपं न्यायला आले होते. सगळे उभे. मी बाईंना विचारलं, पाणी का नाही दिलं? विचारलं म्हणजे जरा जोरात. तीन वर्षं शिकवूनही डोक्यात काही शिरत नाही असंही म्हटलं. आणखी एकदोन वाक्यं होती, ती लिहीत नाही.
शनिवारी दुपारी "भाऊ, नेट नोका काढू, ऊन गंज हाये, रोपं जळतीन" असं बाईंनी म्हटलं होतं, ते त्यांनी आता सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी खोडून काढलं असतं.
बाईंनी विहिरीवर हात धुतले, खुरपं पुसलं, डबा पिशवीत टाकला.
"उद्यापासून मी नाई येत, भाऊ."
मी म्हटलं, दरवाजा उघडा आहे. वावराला दरवाजा नाही, पण बोलण्याची पद्धत असते.
नत्थूजी रोपं न घेता गेले. मेलेली कशाला घेतील.

१८ मार्च.
एकट्यानं करायची मजा वेगळीच. लोकांवर अवलंबून राहणं हीच शेतकऱ्याची खरी अडचण आहे. उद्या भेंडीतलं निंदण.

१९ मार्च.
निंदण झालं. सकाळपासून दुपारपर्यंत, दोन वाफे साफ. बंडूजी धुऱ्यावरून पाहत होता. म्हणाला, "भाऊ, तुम्ही भेंडी उपटून अंबाडी ठेवून राह्यले."
आधी सांगायला काय झालं होतं? दोन वाफे होईपर्यंत उभा होता! मी तसं विचारलं. म्हणे, "मले वाटलं, काई नवीन पद्धत असन."

२२ मार्च.
कंबर. बीपी मोजू दिलं नाही.
चार ठिकाणी माणूस विचारला. कोणी येत नाही. गावात सगळ्यांना माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं गेलं आहे. बाईंनीच सांगितलं असणार. एका म्हाताऱ्याला थेट विचारलं, सुलोचनाबाई काय म्हणतात माझ्याबद्दल? तो म्हणाला, काईच नाई म्हणत.
बघा. किती आतल्या गाठीची बाई!

२५ मार्च, मंगळवार. सकाळ.
काकडीवर भुंगेच भुंगे. पानांची चाळणी. तपासणीला बारा दिवस. आणि काकडी ही रस्त्याच्या बाजूला, येणारा प्रत्येक जण आधी तीच पाहणार.
मान खाली घालून बंडूजीकडे गेलो. म्हटलं, तुम्ही मारता ते औषध थोडं द्या, अभ्यासासाठी पाहिजे.
तर म्हणतो, "औषध कुठलं, भाऊ? मी तं संक्रांतीपासून सोडलं. सुलोचनाबाईनं दशपर्णी शिकवली, तेच मारतो. पाहिजे असन तं न्या एक कॅन."
म्हणजे त्या दिवशीचा तो वास! दहा झाडांचा सडका पाला! मी त्याला विष म्हटलं होतं. त्यानं तेव्हाच सांगितलं असतं तर?
कॅन घेतला नाही. त्या बाईनं शिकवलेलं मी वापरू?

तीच तारीख. दुपारी ४.
वर्ध्याला गेलो. ओळखीचं दुकान टाळलं. हेल्मेट न काढता बाटली घेतली. दुकानदार दोनदा "काय?" म्हणाला.
मारलं. दोनच ओळी. तेही भुंग्यांवर, झाडांवर नाही. झाडांवर पडलं ते ओघानं. तसं पाहिलं तर शेत सेंद्रियच आहे, भुंगे बाहेरून आलेले होते.
बाटली पुरली.

२६ मार्च.
भुंगे मेले. प्रभावी आहे, हे मान्य करावं लागेल.
काकडीच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या असतात सकाळी. आज नव्हत्या. म्हणजे होत्या, खाली होत्या. मातीवर. एक फुलातच होती, मी फूल हलवलं तर पडली.
मोजल्या नाहीत.
राग येतो. दुकानदारानं सांगायला नको होतं?

२८ मार्च, शुक्रवार.
काल त्या दोन ओळींतल्या काकड्या तोडून टाकल्या. तोडल्या म्हणजे पिशवीत भरून घरी आणल्या. उकिरड्यावर टाकणार होतो, पण इतक्या सुरेख! सरळ, कोवळ्या, एक डाग नाही. व्हरांड्यात ठेवल्या, उद्या टाकू म्हणून.
आज सकाळी उठलो तर पिशवी नाही. मोहिनी पण नाही. ओट्यावर चिठ्ठी: 'काकड्या वॉर्डातल्या मुलींना नेते. पहिल्यांदा तुमच्या शेतातलं काही चांगलं दिसलं.'
चपला उलट्या घातल्या गेल्या. गाडी सुरू होईना, मग झाली. सेवाग्रामच्या रस्त्यावर तिचा ऑटो मी गाठला तो जवळजवळ दवाखान्याजवळच. हॉर्न वाजवत आडवा गेलो. ऑटोवाला शिव्या देत होता, आत चार नर्सेस, एकीच्या हातात काकडी. दाताजवळ.
मी ओरडलो, खाऊ नका!
सगळ्या माझ्याकडे. मी म्हटलं, त्यात अळी आहे.
मोहिनी म्हणाली, "अळी असली तर चांगलंच आहे की. म्हणजे औषध नाही."
मी पिशवी ओढली. तिनं सोडली नाही. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सोडली. त्या मुलीच्या हातातली काकडी तिनं स्वतः काढून घेतली आणि माझ्या पिशवीत टाकली. सत्तावीस वर्षं ती लोकांच्या तोंडाकडे पाहून ओळखते कुठे दुखतं ते.
वावरात खड्डा करून सगळ्या पुरल्या.

३० मार्च, पाडवा.
गुढी उभारली. मोहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. पुरणपोळी केली, वाढली. कोशिंबीर नव्हती.
मी म्हटलं, दोनच ओळी होत्या.
ती म्हणाली, "मी विचारलं काय?"
विचारत नाही म्हणूनच तर संताप येतो. विचारलं असतं तर काहीतरी सांगता आलं असतं.

५ एप्रिल, शनिवार.
उद्या. सगळी तयारी आहे. भाषण पाठ आहे, एकवीस मिनिटं. 'रासायनिक काही वापरलं काय' हा प्रश्न फॉर्ममध्ये असतो. उत्तर एका शब्दाचं आहे. आरशासमोर तीनदा म्हटलं. चेहरा नॉर्मल.
दोन ओळींनी तीन वर्षं जातात काय? हा कोणता न्याय?

६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.
सगळं क्रमानं लिहितो.
नऊ वाजता आले. नत्थूजी, गटातले बाकी तिघे, बंडूजी. आणि सुलोचनाबाई. हातात रजिस्टर, डोळ्यांना चष्मा. मी म्हटलं, नत्थूजी, चहाची व्यवस्था मी केली आहे, बाईंना कशाला त्रास दिला. ते म्हणाले, "भाऊ, ह्या तं गटाच्या पहिल्या मेंबर हाये. तुमच्या आधीपासून. चिंधूच्या वाटणीचा अर्धा एकर ह्याच पाहते न. पूर्ण सेंद्रिय होऊन चार वर्ष झाले."
तीन वर्षं एकाही माणसानं मला हे सांगितलं नाही! बंडूजी म्हणाला, दर मीटिंगमध्ये हजेरीत नाव वाचतात. वाचत असतील. मी माझं नाव आलं की ऐकणं थांबवतो, सगळेच थांबवतात.
म्हणजे नत्थूजींच्या मोजणीतल्या सहाव्या त्या होत्या.
बाईंनी वावर पाहिलं. टमाटे, उरलेली भेंडी, मोकळी नेट. मी सोबत चालत बोलत होतो. वारा, ड्रम, रोही, बाजारातलं बियाणं, सगळ्यांची कारणं सांगितली. बहुतेक ओरडत होतो, कारण विहिरीवरचे बगळे उडाले. बाई काकडीजवळ थांबल्या. वाकून एक फूल उघडून पाहिलं. दुसरं पाहिलं. मातीवर हात फिरवला आणि हाताकडे पाहिलं. सरळ झाल्या, रजिस्टर उघडलं.
"या हंगामात बाहेरचं काई मारलं काय, भाऊ?"
माझ्याकडे पाहून विचारलं नाही. कागदाकडे पाहूनच. बाकी सगळ्यांना विचारतात त्याच आवाजात. मला वाटतं त्यांना माहीत होतं, आणि मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी 'नाही' लिहिलं असतं. लिहून वर पाहिलं असतं. ते पाहणं मला नको होतं.
एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हटलं, दोनच ओळी.
कोणी काही बोललं नाही. बंडूजीनंसुद्धा नाही. आजपर्यंत त्या माणसानं एकच चांगली गोष्ट केली, ती ही.
बाईंनी लिहिलं. तारीख विचारली, पंचवीस मार्च. औषधाचं नाव विचारलं, सांगितलं. स्पेलिंग विचारलं. तेही सांगितलं.
नत्थूजी म्हणाले, "मंग आता पहिलं वर्ष धराव लागन, भाऊ."
पहिलं. तीन वर्षांनी पुन्हा पहिलं!
मग आंब्याखाली गटप्रमुखाची निवड झाली. दोन मिनिटं लागली. सुलोचनाबाई. मी पण हात वर केला. का केला माहीत नाही, सगळ्यांचे वर होते. भाषण खिशातच राहिलं, घामानं शाई उतरली, नवा शर्ट गेला.

७ एप्रिल.
मोहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बीपी मोजू. १४०/९०. मशीन खराबच आहे.

८ एप्रिल.
शेती विकायचा निर्णय.

९ एप्रिल.
निर्णय स्थगित. गटप्रमुखांचा मेसेज आला, सगळ्यांना एकच: 'पहिल्या वर्षाच्या शेतकऱ्यांनी शनिवारी सकाळी सात वाजता माझ्या वावरात दशपर्णी शिकायला यावे. सोमवारी चौदा एप्रिलची जयंती असल्याने नंतर वेळ नाही. आपली बादली आणावी.'
आपली बादली आणावी! मी जाणार नाही. गेलोच तर चुका दाखवायला जाईन.

१२ एप्रिल, शनिवार. रात्रीचं जेवण झाल्यावर.
सव्वासातला पोचलो. बादली घेऊन. पहिल्या वर्षाचे आम्ही दोघंच, मी आणि बंडूजी. त्यानं आधीच पाला तोडून ठेवला होता, कडुनिंब, सीताफळ, रुई, एरंडी. माझ्यासाठी पण.
अर्धा एकर. सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, वांगी, मधे मधे झेंडू. चूक शोधत दोनदा फिरलो. तिसऱ्यांदा फिरायला लागलो तर बाई म्हणाल्या, "भाऊ, बसा, पाला ठेचा."
ठेचत बसलो. बंडूजी पाणी आणायला गेला तेव्हा मी म्हटलं, रोपं मी मारली. नेट मी काढली होती.
"मले माईत हाये," बाई म्हणाल्या. "तुमाले माईत नोतं."
मी म्हटलं, सगळ्यांसमोर बोललो, ते.
त्यांनी माझ्या बादलीत पाहिलं. "बारीक ठेचा अजून. इतका जाडा नाई चालत."
मला चिडच आली. ठेचलेलं ठीक होतं. पुन्हा ठेचलं. अकरापर्यंत ठेचत होतो. माझ्याकडे कामाला येणार का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. त्यांच्या वावरात त्यांना विचारायचं कसं ते सुचलं नाही.
घरी आलो. साबण तीनदा लावला. मोहिनी म्हणाली, हाताचा वास ताटापर्यंत येतो, चमच्यानं जेवा.
चमच्यानं जेवलो.